हात हलण्याआधीचा आवाज

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पडले. माळ्यावरचा तांब्याचा कलश काढायला स्टुलावर चढले होते. पाय सरकला आणि सगळं अंग उजव्या दंडावर आलं. हाड मोडलं. त्या वर्षी आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत घट बसला नाही. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. सासूबाईंच्या माघारी देवीचं सगळं मीच करत आले होते, एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्यामुळे प्लॅस्टर घालून पडून असताना एकच प्रश्न मनात फिरत राही. तुझंच काम करत होते ना मी, मग मलाच का पाडलंस? हे कोणाला बोलून दाखवलं नाही. देव्हाऱ्यात दिवा आमचे हे लावायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचे.

बोटं नीट हलत नाहीत हे तेव्हाच जाणवलं होतं, पण प्लॅस्टरमुळे आखडली असतील असं मी धरून चालले होते. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी हात पुढे केला आणि मनगट लुळं होऊन खाली पडलं. उचलायला गेले तर उचलेना. बोटं आत वळत होती, सरळ होत नव्हती. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते माझ्या हाताकडे. दंडाच्या हाडाला लागून जाणारी नस दुखावली आहे, ते म्हणाले. बरी होईल असं वाटतं, पण खात्री देता येत नाही. तोवर स्नायू वाळू नयेत म्हणून करंट घ्या. मी घरी ब्लाउज शिवायचे, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत होती. कात्री धरायचा हातच गेला, एवढंच मला ऐकू आलं.

करंट म्हटल्यावर मला धडकी भरली होती. वाशीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचा विभाग होता, तिथल्या तरुण मॅडमनी हाताच्या मागच्या बाजूला ओल्या पट्ट्या बांधल्या आणि यंत्राचं बटण हळूहळू फिरवलं. मुंग्या आल्या, मग आतून कोणी ओढल्यासारखं झालं आणि माझं मनगट वर उठलं. बोटंही उघडली. हात माझा होता, पण उचलणारी मी नव्हते. करंट थांबला तसा हात पुन्हा पडला. घरी येऊन सांगितलं तेव्हा हे नुकतेच कांदा-बटाटा मार्केटमधून पोती वाहून आले होते. पाणी पिता पिता थांबले आणि म्हणाले, “यंत्राचं ऐकतोय म्हंजी हात जित्ता हाय. तू नको भिऊ.” मला मात्र त्याचाच धक्का बसला होता. यंत्राचं ऐकतो, मग माझं का नाही?

काही आठवड्यांनी मॅडमनी दुसरं यंत्र लावलं. हे करंट देत नाही, ऐकतं, असं त्या म्हणाल्या. स्नायूत थोडी जरी जाग आली, तरी हात हलण्याच्या आधी ते टकटक करणार होतं. मला फक्त मनगट उचलायचा प्रयत्न करायचा होता. मी दात आवळून जोर लावायचे, कपाळावर घाम यायचा आणि यंत्र गप्प. “जोर लावू नका हो,” मॅडम सांगायच्या. “जोर लावलात की तुमची मूठ वळते, भलतेच स्नायू काम करतात.” जोर न लावता उचलायचं कसं, ते मला समजत नव्हतं. दर खेपेला ती शांतता ऐकून मी घरी यायचे.

शेजारच्या खाटेवर जासई गावच्या एक आजी असायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मांडीला करंट घ्यायला येत. एका दुपारी यंत्र असंच गप्प राहिलं आणि माझा धीर सुटला. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे होत्या. मी मान खाली घालून रडत होते. खाट करकरली म्हणून वर पाहिलं, तर आजी उभ्या राहिलेल्या आणि पुढच्याच क्षणी माझ्या बाजूला कलंडत होत्या. माझे दोन्ही हात पुढे गेले. त्या माझ्या दंडावर टेकल्या आणि त्याच वेळी यंत्र टकटकलं.

मॅडम धावत आल्या. आजींना बसवलं आणि मग यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या. “वायर हलली असेल,” त्या म्हणाल्या. पट्ट्या पुन्हा चिकटवल्या, वायर धरून ठेवली. “आता मनगट उचलू नका. आजींना सावरायचंय, एवढंच मनात आणा.” मी आजींकडे पाहिलं. हात लोंबतच होता आणि यंत्र वाजत होतं. मॅडमनी हळूच खुर्ची ओढली आणि बसल्या. जे डोळ्यांना दिसत नव्हतं, ते आत कधीचं सुरू झालं होतं.

“तुम्ही कशाला उठलात आजी?” मी विचारलं.

“तू रडत व्हतीस ना बाय. तुला पानी द्यावं म्हनून उठली.”

उन्हाळा येईतो मनगट वर येऊ लागलं, मग एकेक बोट. नस आपल्या वेळेनेच बरी होत होती, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरंच असणार. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कात्री पुन्हा हातात आली, फक्त अंगठा अजून लवकर दमतो. दिव्याची वात मी पुन्हा लावू लागले. फक्त देवीला जाब विचारणं सुटलं. मला न दाखवता ती किती काय करत असते, याचा मला एकदा आवाज ऐकू आला होता.

एका रविवारी आम्ही दोघं बसने जासईला गेलो. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काठी नव्हती. मी हात हलवून दाखवला, त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी उठलात, म्हणून हात जागा झालाय हे कळलं.”

“मी उठली? कवा?” आजींनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. “बाय, तवा तर माजा पाय उचलत पन नव्हता.”

मी वाकून आजींच्या पायांवर डोकं ठेवलं. नमस्कार नेमका कोणाला पोचतोय, हे मी विचारलं नाही.