फ्रीजमधला चिखल

यंदा दिवाळीला अमडापूरला घरी गेले, ती मिठाईऐवजी चिखलाची बरणी घेऊन. आईने दारातच विचारलं, "काऊन वो, हे काय आणलं?"

माझी पीएचडी या चिखलावर आहे. खाणीतून खनिज काढल्यावर जो पातळ गाळ उरतो, तो थंड देशांत हिवाळ्यात गोठतो, मग वितळतो... आणि त्यामुळे किती खाली बसतो, याचं कॉम्प्युटर मॉडेल मी बनवतेय. मॉडेल खरं बोलतंय का, हे ही बरणी सांगणार होती.

सुट्टी संपताच माझ्या गाईड मॅडमना आकडा द्यायचा होता आणि लॅबला दिवाळीचं कुलूप. आईने नाक मुरडत मटार काढून फ्रीजरमध्ये जागा दिली.

गाळ गोठला. मग ओट्यावर वितळायला ठेवला. सकाळी बघते तर वर नितळ पाणी, खाली घट्ट गाळ... इतका छान बसला होता की मी पट्टी आणायला पळाले.

परत आले तर बाबा दोन्ही हातांनी बरणी खळखळवत होते! मी ओरडलेच. जरा जास्तच.

बाबा गोंधळले. "मले वाटलं, बोंडअळीचं औषध आणलं तू. खाली बसलं होतं, म्हून हलवलं."

अळीला दाद न देणारं बीटी बियाणं असूनही यंदा कपाशीत अळी शिरलीय. फवारणी करून करून औषध हलवायची त्यांच्या हाताला सवय... आणि लेक लॅबमध्ये शिकते म्हणजे काहीतरी आणेलच, असं त्यांनी मनाशी धरलेलं. मला फार वाईट वाटलं. कपाशीसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

बरणी पुन्हा गोठवली. या वेळी ती वितळेपर्यंत बाबांनी मिक्सर लावू दिला नाही, आईला पोळ्याही खाली बसून लाटायला लावल्या. त्यांचे मित्र फराळाला आले तर त्यांना दारातच थोपवलं, "हळू या बे, पोरीचा गाळ बसून राह्यला!"

शेवटी मी पट्टी लावली. बाबा श्वास रोखून उभे.

"बसला काय?"

"बसला, बाबा. मॉडेलने सांगितलं तिथंच!"

"हाव? मंग आता त्या अळीचंही एखांदं मॉडेल कर नं," म्हणत हसले, आणि फवारणीचा पंप पाठीला लावून शेताकडे निघाले.

थीसिसमध्ये आभाराचं एक पान असतं. ज्याने एकदा बरणी हलवली आणि मग माझ्यासाठी अख्ख्या घराला हलू दिलं नाही, त्या माणसाचे आभार कसे मानायचे... कुणाला सुचलं तर सांगा.