अर्ध्यावर राह्यलेलं इंग्रज लग्न

माहा बुढा एका इंग्रज पोरीच्या लग्नाची वाट पाहता पाहता गेला.

आज महिना झाला.

मी शाळेत दुसरीपर्यंतच गेली. नातीनं मोबाईलमध्ये बोलून टाइप कराले शिकवलं, तसं लिहून राह्यली. चुकलं तर समजून घ्या.

बुढ्याचं नाव सोमा. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत. पण आमी दोघं एकाच गावचे, संगं ढोरं राखलेले. लग्न लागलं म्हून नाव कसं बदलाचं?

तर इंग्रज पोरीचं सांगते.

नात रोशनी गडचिरोलीले कॉलेजात हाये. सुट्टीत धानोऱ्याची बस धरून घरी येते अन् बॅगेत इंग्रजी पुस्तकं. दोनशे वर्षांआधीच्या विलायतेतल्या प्रेमाच्या गोष्टी. एक दिवस मी म्हटलं, एकटीच काऊन हासून राह्यली, आमाले बी सांग. तवापासून ती आमच्या बोलीत सांगे अन् आमी दोघं आंगणात चिंच फोडत ऐकू.

लय मजा ये.

सगळ्या पुस्तकात एकच गोष्ट. पोरगा अन् पोरगी लहानपणचे दोस्त. भांडतात, चिडवतात, एकमेकाच्या खोड्या काढतात. पुऱ्या गावाले समजते याईचं काय चालू हाये ते.

त्या दोघाईलेच समजत नाई.

अन् कोणी मरत नाई. लय झालं तर पोरगी पावसात भिजते अन् तिले सर्दी होते. मंग पोरगा असा घाबरते, जसा त्यानं वाघच पाहिला.

मी रोशनीले म्हटलं, पहिल्याच पानावर मालूम पडते का याईचं लग्न लागन, मंग वाचतं कायले? ती म्हणे, आजी, लागते हे मालूम असते म्हूनच टेन्शन नाई. या दोन येड्याईले कवा समजते, तेवढंच पाहाचं.

त्याईच्यात नाचही राह्यते. पण हातमोजे घालून. आमी जन्मभर एकमेकाचे हात धरून रेला नाचलो, हातमोजे घालून हात धराचा हे मले काई पटलं नाई. अन् एक मावशी कोपऱ्यात बसून पाहारा देते, ते वेगळंच.

सोमाले मात्र शेवटच्या पुस्तकातल्या पोराचा राग ये.

पोरगा लॉर्ड, मोठ्या घरचा. रोज पोरीच्या घरी येऊन चहा पे अन् गोष्टी करे. सोमा म्हणे, हा गवताची काडी उचलत नाई, बाप पोरगी कसा देईन?

आमच्यात तसंच होतं ना. लग्नाआधी पोरगा पोरीच्या घरी येऊन राहे, शेतात राबे. त्याले लमसेना म्हणत. काम पसंत पडलं तर लग्न. सोमा माह्या बापाकडे तसाच आला होता. म्हून त्याले वाटे, लॉर्डही लमसेनाच.

रोशनीनं लय समजावलं. शेवटी थकली. मंग पुस्तकात नसताना लॉर्ड कोट काढून धानाच्या बांधीत उतरला, चिखल कराले.

"आता बरोबर," सोमा म्हणाला.

सोमाचं अन् माहंही तसंच होतं. तो आमच्या घरी राबे अन् मी दिवसभर चिडवू. त्याचं औत वाकडं चाले. एक दिवस बापानं मले विचारलं, याले ठेवाचं का परत पाठवाचं? मी मस्करीत म्हटलं, पाठवा.

सोमानं ऐकलं. घोंगडी खांद्यावर टाकली अन् निघाला.

मी आंगणात उभी. हासू काई आलं नाई.

मंग कुऱ्हाड उचलली अन् नाल्यापर्यंत पळत गेली. म्हटलं, "कुऱ्हाड विसरला तू."

"ती तुह्या बापाची हाये."

"मंग?"

"मंग तू कायले आणली?"

त्यानं माह्या हातातून कुऱ्हाड घेतली अन् माह्या पुढं घराकडे चालू लागला.

आमच्या प्रेमाचं एवढंच बोलणं झालं, जन्मात.

या शेवटच्या पुस्तकात लॉर्ड पोरीवर रुसून जहाजात बसाले निघाला होता. पोरगी खिडकीत उभी. तेवढ्यात रोशनीची परीक्षा आली, गोष्ट तिथंच सोडून ती गेली.

सोमा रोज मले विचारे, गेली का ती त्याच्या मागं? मी म्हणू, मले का पुस्तक वाचता येते?

मंग एका सकाळी त्याच्या छातीत दुखलं.

जीपमध्ये त्याचं डोकं माह्या मांडीवर. आमचा पोरगा पुढं बसून फोनवर फोन लावून राह्यला होता. सोमा डोळे मिटूनच म्हणाला, "खिडकीतच हाये का ती अजून?"

म्हटलं, "बोलू नको."

दवाखाना यायच्या आधी तो गेला.

रोशनी आली, रडली. म्हणे, आजी, पुढचं सांगू? मी म्हटलं, पुस्तक बंद ठेव. मले वाटे, जोवर ती पोरगी खिडकीत हाये तोवर सोमाही आंगणात येऊन विचारन.

महिनाभर कोणी आलं नाई विचाराले.

काल दुपारी मीच म्हटलं, सांग. त्याले ऐकाचं होतं. कोणीतरी ऐकून ठेवाले पायजे.

तर ती पोरगी गेली. डोक्यावर टोपी नाई, घोड्यावर बसून, पुऱ्या बंदरासमोर. लॉर्डानं विचारलं, काऊन आली? तर म्हणे, तुमची छत्री राह्यली होती.

मी एवढी हासली, एवढी हासली. अन् हासता हासता बाजूले पाहिलं, सोमा हासते का म्हून.

पुस्तकवाले लग्नापाशी थांबतात. पुढचं लिहीत नाईत. काऊन ते आता समजलं.

सोमा, गेली ती त्याच्या मागं. लग्न लागलं त्याईचं.

तुले सांगाले दुसरी जागा नाई, म्हून इथी लिहिलं.

जोहार रे बाबा.