श्वासापुरती वीज

नदीच्या धक्क्यावर त्यांना सगळे शिलाईकाकू म्हणत. बोटींचे पडदे, गाद्यांची कव्हरं, उन्हाने विरलेली छपरं, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. नवऱ्याने आयुष्यभर एकच लाकडी लाँच चालवली, आधी मालकाची म्हणून आणि मग स्वतःची म्हणून. लोकांनी थट्टेत त्यांना कप्तान म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग कप्तानांची फुप्फुसं थकली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र घरी आलं. यंत्र भिंतीतल्या प्लगला बांधलेलं आणि कप्तान यंत्राच्या नळीला. खोलीच्या खिडकीतून एका गोदामाची मागची भिंत दिसायची. सुरुवातीला ते बोटीची चौकशी करत, पुढे तीही बंद झाली. आमटी अळणी झाली तरी ते काही बोलेनासे झाले, तेव्हा मात्र काकू धास्तावल्या.

एका दुपारी त्या बोटीत साचलेलं पाणी उपसून घरी आल्या. हातांना डिझेलचा वास येत होता.

"बोटीवर गेली होतीस?" कप्तानांनी विचारलं.

"हो."

"मागच्या अंगाला पाणी होतं?"

"घोट्याएवढं."

"पंख्याच्या शाफ्टपाशी झिरपत असणार. पॅकिंग आवळायला हवं." एवढं बोलून त्यांना धाप लागली, पण ते उशीला टेकले नाहीत. "आणि तळातलं पाणी उपसणारा बिल्जचा पंप? चालतो ना?"

कितीतरी दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. भाजी चिरता चिरता काकूंनी मनाशी पक्कं केलं. यांना बोटीवर न्यायचं, आणि तेही उभ्या उभ्या दाखवून आणायला नाही, तर चार दिवस राहायला.

अडचण विजेची होती. बोटीवरच्या बॅटऱ्या दिव्यांपुरत्या, यंत्राला त्या किती पुरणार? काकू डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी नाही म्हटलं नाही. "यंत्र बंद पडलं तर लगेच लावायला भरलेलं सिलिंडर जवळ हवं. आणि एक लक्षात ठेवा. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढतं. त्या हवेत जनरेटरचा धूर मिसळला, तर तोच यांच्या नाकात जाईल."

मुलीने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "आई, बाबांना जिना उतरवत नाही आणि तू त्यांना नदीवर न्यायला निघालीस?"

"जिना खुर्चीवरून उतरतील. उचलायला तू ये."

पहिला तोडगा धाकट्या दिराने आणला. हातात उचलून नेता येईल असा पेट्रोलचा जनरेटर त्याने बोटीच्या मागच्या डेकवर ठेवला. "वहिनी, उघड्यावर आहे. धूर वाऱ्यावर जाईल. कशाला डोक्याला ताप?"

काकूंनी धुरातला बिनवासाचा विषारी वायू ओळखणारा अलार्म आणून केबिनमध्ये लावला होता. दिराने जनरेटर सुरू केला आणि त्या आत जाऊन बसल्या. वारा मागून येत होता. धुराचा वास नाही, डोळ्यांची जळजळ नाही, सगळं कसं छान. आणि अलार्म किंचाळायला लागला. काकू तडक बाहेर आल्या आणि त्यांनी जनरेटर बंद केला.

"अलार्मच बिघडलेला असेल," दीर म्हणाला.

"तो चांगला आहे, भाऊजी. वास नसतानाही ओरडतो, म्हणून तर मी तो आणला. तुमचं मशीन परत घेऊन जा. बोटीवर पेट्रोल नको आणि उघड्यावरचा धूरही नको."

दीर थोडा रुसला, पण घेऊन गेला.

मग काकूंनी बोटींच्या इंजिनांवर काम करणारे एक मिस्त्री गाठले. माणूस कामाचा, पण तोंडाने कडू. त्यांनी पहिला प्रश्न केला, "एका वेळी काय काय चालवणार?" यंत्र, छोटा फ्रिज, दिवे, पंखा, बॅटऱ्यांचं चार्जिंग. मिस्त्रींनी हिशेब केला, फ्रिज-पंख्याच्या मोटारी सुरू होताना जास्त वीज ओढतात त्याचीही भर घातली आणि लहानसा डिझेल जनरेटर सुचवला, बोटीसाठीच बनवलेला. दुकानदार मात्र मोठ्यासाठी मागे लागला. "उद्या एसी लावलात तर?"

"उद्याचं उद्या," काकू म्हणाल्या. "मोठं मशीन कमी कामावर रखडत ठेवलं, तर आतून काजळी धरतं म्हणे. आणि एवढं वजन आमच्या म्हातारीला पेलणार नाही." म्हातारी म्हणजे बोट.

मशीन बसेल का, हा पुढचा प्रश्न. काकूंनी कापड बेतावं तसं पुठ्ठ्याचं खोकं बेतलं, अगदी जनरेटरच्या मापाचं. ते इंजिनाच्या खोलीच्या झाकणातून आत जाईना. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. आवाज दाबणारी बाहेरची पेटी सोडवली तर जाईल, ती आत नेऊन पुन्हा चढवता येईल. मग काकूंनी खोकं आत ठेवून चारी बाजूंनी हात घालून पाहिला. तेल बघता येतं का? फिल्टर काढता येतो का? एका बाजूला हात पोचेना, तेव्हा खोकं फिरवलं.

सगळं जमत आलं आणि नेमकं तेव्हाच तळाची फळी उचलताना मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर खालच्या लाकडात लोण्यात जावा तसा गेला. जिथे पाया बांधायचा, तिथल्याच फासळ्या कुजल्या होत्या.

"ताई, आता नाद सोडा," मिस्त्री म्हणाले.

काकू खाली बसल्या. त्यांनी बोटाने लाकूड उकरून पाहिलं, ओला भुसा हाताला लागला. घरी जाऊन कप्तानांना काय सांगायचं? हात झटकून त्यांनी विचारलं, "चांगलं लाकूड कुठून सुरू होतं?"

"काय?"

"कुजकं कापायचं तर कुठवर कापायचं, ते खडूने आखा. फाटलं म्हणून आख्खा कपडा टाकत नाही मी."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशातून खडू काढला.

सुतार आला, नव्या फासळ्या बसल्या. त्यांवर भक्कम पाया, पायावर रबराचे पाय आणि त्यांवर जनरेटर. धुराची नळी नदीच्या पाण्याने थंड होऊन बाहेर पडणारी. मागचं पाणी उलटं मशीनमध्ये शिरू नये, म्हणून ती आधी उंच नेऊन मग उतरवलेली. डिझेलची चावी बाहेरूनही बंद करता येईल अशी. धक्क्यावरची वीज आणि जनरेटरची वीज कधीच एकत्र येणार नाही, असा स्विच इलेक्ट्रिशियनकडून लावून घेतला. रोज घरी आल्यावर काकू सगळं कप्तानांना सांगत आणि कप्तान चुका काढत. "पाणी ओढायच्या नळीला जाळी लावली का? आपल्या नदीत शेवाळ फार." जाळी राहिली होती, ती लावली.

चाचणीच्या दिवशी काकूंनी मिस्त्रींना सांगितलं, "बोट अशी फिरवून बांधा की वारा मागून येईल. दारं-खिडक्या बंद. मी आत बसते, तुम्ही दाराबाहेर उभे राहा."

दुपारपर्यंत अलार्म गप्प होता आणि मग वाजला. काकू बाहेर आल्या, मशीन थांबवलं, सगळं उघडून वारा खेळू दिला. इंजिनाच्या खोलीत धुराच्या नळीच्या एका जोडापाशी काळा ओलसर डाग दिसला. मिस्त्री खाली वाकले. त्यांनी तो जोड पुन्हा केला आणि प्रत्येक जोडावर दोन-दोन पट्ट्या आवळल्या. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आत बसल्या. संध्याकाळ झाली तरी अलार्म चुपचाप होता.

कप्तानांना खुर्चीवरून उतरवायला मुलगी आली, दीरही आला. बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा सुकाणूवर दीर होता आणि केबिनच्या दाराशी गादीवर कप्तान. नदी रुंद झाली तसे ते ताठ बसले.

वळणापलीकडे जनरेटर अचानक बंद पडला. यंत्राने टीं टीं सुरू केलं. मुलगी उभी राहिली आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं. काकूंनी कप्तानांची नळी सिलिंडरला जोडली, चावी उघडली, ओठांचा रंग पाहिला. मग त्या खाली इंजिनाच्या खोलीत उतरल्या. पाणी अडून मशीन तापलं होतं. नदीचं पाणी आत घेणारा कॉक बंद केला, जाळीचं झाकण फिरवून काढलं आणि आतून हिरवं शेवाळ मूठभर ओढून काढलं. झाकण घट्ट बसवून कॉक उघडला, बटण दाबलं. मशीन खोकलं आणि लागलं. मागे नळीतून पाणी पडतंय ना, ते बघून मगच त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं आणि कप्तानांची नळी त्याला जोडली.

"आई, हे तू कधी शिकलीस?" मुलीने विचारलं.

"पुठ्ठ्याच्या खोक्यावर," काकू म्हणाल्या आणि हात पुसले.

कप्तान हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "अगं, जरा इकडे ये. सुकाणू हातात घे."

"मला कुठे येतं?"

"म्हणून तर म्हणतोय."

दीर बाजूला झाला. काकूंनी सुकाणू धरलं. बोट आधी डावीकडे भरकटली, मग उजवीकडे.

"इतकं घट्ट नको धरूस," कप्तान मागून सांगत होते. "लांब बघ. त्या पांढऱ्या खांबाकडे."

त्या वर्षी पाणी शांत होतं तोवर ते अनेकदा बोटीवर राहायला गेले. पुढच्या वर्षीही गेले, थोडे कमी वेळा. कप्तान गेले ते घरीच, झोपेत. आजही काकू लाँच चालवतात. पलीकडच्या काठावर यंत्राच्या नळीला बांधलेली दोन म्हातारी माणसं आहेत. हवा चांगली असेल त्या दिवशी काकू त्यांना नदीवर फिरवून आणतात, आणि निघण्याआधी केबिनमधल्या अलार्मचं बटण दाबून तो ओरडतो का, हे स्वतःच्या कानाने ऐकतात.