वकीलतात्यांचं गाऱ्हाणं

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नये. माझी शाळा चौथीत सुटली.

आमच्या तोंडवलीच्या वकीलतात्यांनी कोर्ट कधी पाहिलं नव्हतं. ते देवापुढचे वकील. कुणी देवळात नारळ ठेवला की त्याच्या वतीने गाऱ्हाणं तात्या घालायचे. घरी इतकं हळू बोलत की कान पुढे करावा लागे. देवापुढे मात्र त्यांचा आवाज पार किनाऱ्यावर ऐकू जाई.

मालक वारल्यावर मी काजू विकून लेकीच्या कणकवलीच्या कॉलेजसाठी पैसे जमवले होते. ते धाकट्या दिराने होडीच्या इंजिनासाठी नेले. वर्ष झालं तरी परत देईना. लेक घरी बसली आणि मला मागायची लाज. शेवटी नारळ घेऊन देवळात तात्यांकडे गेले.

"तात्यानू, भावोजींचा वाटोळा होवंदे, असा गाऱ्हाणा घाला."

"तेचा वाटोळा झाला तर तुझे पैशे कोण देतलो गो?" म्हणाले, आणि सरळ देवापुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, हिच्या दिराची होडी भरान येवंदे, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

देवळातली चार माणसं ओरडली, "व्हय म्हाराजा!" मी नाही ओरडले. तात्या वळून म्हणाले, "देवाक आयकाक येवक नाय गो." मग मीही म्हटलं.

पुढे दर सोमवारी हेच. "देवाकडे वायट मागा नये," ते म्हणायचे, "तेका खरा वाटता." थट्टा करत होते की शिकवत होते, मला अजून उमगत नाही.

एकदा वारा सुटला आणि भावोजींची होडी येईना. मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. ही काळजी माणसाची की पैशांची, तेच समजेना. शेजारी तात्या होते, त्यांना विचारलं. "माकापण कळणा नाय," ते म्हणाले. "होडी येवंदे पयली."

होडी आली. त्या पावसाळ्यात तात्याच गेले.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, मासळी बरी लागली. एका सकाळी भावोजी ओट्यावर येऊन बसले. "वयनी, वरसभर माका शिव्या घातलंस मां?"

मी चहा ठेवायला उठले. त्यांनी पिशवी पुढे सरकवली. लेकीने मोजले. सगळे पैसे होते.