जावयाच्या जेवणाचे मैल

आमच्या आईवर पैसे खर्च करणं हे महाकठीण काम आहे. मी तिची एकुलती एक लेक, नगरला नोकरी करते, चार पैसे गाठीला आहेत. पण मी तिला साडी घेतली की आठवडाभरात पुणतांब्याहून गव्हाचं पोतं येतं. चष्मा करून दिला तर तूप आलं, तेही इतकं की शेजारीपाजारी वाटावं लागलं. लेकीचं घ्यायचं नसतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि ते काढायला गेलं की आमची भांडणं होतात. बरं, स्वतःचे तरी खर्चावेत. वडील गेल्यापासून पेरूची बाग ती एकटी बघते आणि बाग बरी चालते. पण ते पैसे खताचे असतात, ठिबकचे असतात, जावयाच्या मानपानाचे असतात. तिचे स्वतःचे कधीच नसतात.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या वर्षी चेन्नईला माझी मावशी घरातल्या घरात पडली. ही आईची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत होते, बदलीनं तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड उभी राहिली नाही. दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलायच्या, म्हणजे मुख्यतः एकमेकींना रागवायच्या. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ तो हातातच धरून बसायची. तिला जायचं होतं, हे कुणीही सांगितलं असतं. रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास तिच्या मणक्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विमान होतं, तेही आमच्या शिर्डीवरून. मी तिकीट काढते म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "पैसं वर आलेत का तुला? रोज बोलतो की आमी."

तिसगावचा मामा आजारी होता तेव्हाही ती असंच काहीतरी म्हणाली होती. पेरूचा तोडा झाला की जाते. तोडा झाला, दोन एसट्या बदलून ती तिसगावला पोचली, तेव्हा माणसं ओल्या अंगानं ओसरीवर बसलेली होती. त्यानंतर आमच्या घरात मामाचा विषय निघाला की ती उठून गोठ्यात जाते. मावशीच्या बाबतीत पुन्हा तेच होणार या धास्तीनं मला रात्ररात्र झोप लागत नव्हती, आणि आईचा हट्ट आठवला की रागही यायचा.

अशात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला माइल्सचं प्रकरण समजावून सांगितलं. एका विमान कंपनीचं सभासद व्हायचं, आपलं बँकेचं कार्ड तिथे जोडून ठेवायचं. मग कंपनीच्या यादीतल्या हॉटेलात जेवून त्या कार्डानं बिल भरलं की आपल्या खात्यात मैल जमा होतात. मैल पुरेसे झाले की त्यांच्या बदल्यात तिकीट. मला एकदम लख्ख दिसलं. हे तिकीट लेकीच्या पैशाचं असणार नव्हतं.

मी त्याच रविवारी पुणतांब्याला जाऊन आईला सांगितलं. तिनं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं.

"मग तिकिटाचं पैसं कोन देतं?"

"विमान कंपनी."

"का म्हून?"

"आपण हॉटेलात जेवलो म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. "येडी हायेत का ती?"

"नाहीत गं. पण तिकीट मिळतं, एवढं खरं."

"फुकट असंल तर बघू," ती म्हणाली. आईच्या तोंडून 'बघू' निघणं म्हणजे निम्मं काम झाल्यासारखं होतं. मी गाडीत बसून नवऱ्याला फोन केला आणि रात्री बाहेर जेवायला जायचंय म्हणून सांगितलं.

खोटं बोलून सरळ तिकीट काढून टाकावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण आमची आई मोबाईल पुढ्यात ओढून "दाव" म्हणणारी. एकदा मी मिक्सर सोडतीत लागल्याचं सांगितलं होतं, तर तिनं दुकानदाराला फोन करून सोडत कधी झाली ते विचारलं. मिक्सर परत गेला.

तर आम्ही जेवायला लागलो. कंपनीच्या यादीत आमच्या जिल्ह्यातली हॉटेलं मोजकी, नगरची एकदोन आणि बाकी शिर्डीची. सगळीकडे गारेगार एसी, मंद दिवे आणि तेच ते लाल रश्श्यातलं पनीर. माझा नवरा काष्टीचा. त्याला भाकरी, ठेचा आणि खाली मांडी घालून बसायला लागतं. त्याच्या आवडत्या खानावळीवरून आमची गाडी न थांबता पुढे जायची तेव्हा तो मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचा. तीनचार महिन्यांनी तो म्हणाला, "तुझी आई विमानात बसेपर्यंत मी दारातून आत मावणार नाही." पण एकदाही नको म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मैत्रिणींच्या वाढदिवसांना, ऑफिसच्या निरोपसमारंभांना मी पुढे होऊन कार्ड काढायचे आणि मग सगळ्यांकडून आपापला वाटा मागायचे. माझ्यामागे लोक काय बोलत असतील ते मला न सांगता कळत होतं. आई मात्र रोज फोनवर विचारायची, "आज किती मैल जेवलीस?"

ती चेष्टा करायची, पण विचारायची रोज.

उन्हाळ्यात कळलं की सुरुवातीचे मैल महिनाअखेरीला बाद होणार. तिकिटाला थोडेच कमी पडत होते, पण ते थोडेही दोघांच्या जेवणांनी भरून निघणारे नव्हते. माझा धीर सुटला. त्यातच मावशीला ताप आला आणि दोन दिवस सकाळचा फोन झाला नाही. मी आईला सगळं खरं सांगितलं आणि वर चिडून म्हटलं, "आता तरी मला तिकीट काढू दे. तुझा मान सांभाळत बसलो तर मावशी राहायची नाही."

फोन कट झाला की तिनं ठेवला, ते कळलं नाही. तासाभरानं तिचाच फोन आला.

"धोंड्याचा म्हैना हाय," ती म्हणाली. "जावयाला जेवान घालायचंय मला."

"घाल की. येतो आम्ही रविवारी."

"घरी न्हाई. शिर्डीला. तुझ्या त्या यादीतल्या हाटेलात. भावजींच्या घरच्या समद्यांना सांगते, पाहुन्यांना सांगते. बिल तू कार्डानं भर, पैसं मी देते. जावयाच्या जेवनाला म्या कधी हात आखडता घेतलेला न्हाई."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसूच फुटलं. स्वतःवर एक रुपया नाही, पण जावयावर कितीही. आणि जावयाला जेवू घातल्याचे मैल कुणाचे, तर जेवू घालणारीचे. तिच्या हिशेबात कुठेही फट नव्हती. चूल पेटवायला ताकद असताना अधिक महिन्यात जावयाला हॉटेलात जेवू घालणारी आमच्या भावकीतली ती पहिलीच बाई असेल.

रविवारी शिर्डीच्या त्या हॉटेलात दोन लांबच लांब टेबलं जोडली. आई पुरणाचे धोंडे, अनारसे आणि निरांजन घरून घेऊन आली होती. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं वेटर सांगायला आला. आई म्हणाली, "हे खानं न्हाई, वान हाय," आणि तिनं निरांजन लावलं. एसीच्या वाऱ्यानं ते दोनदा विझलं. तिसऱ्यांदा वेटरच हाताचा आडोसा धरून उभा राहिला. माझ्या नवऱ्याला ओवाळलं, कपडे केले, मग जेवणं सुरू झाली. आई स्वतः हॉटेलचं काही खात नाही, ती एक धोंडा घेऊन बसली होती. पण मेनूकार्ड तिनं हातातून सोडलं नाही. कुणाचं ताट रिकामं दिसलं की "अजून काय मागवू?" म्हणून विचारायची आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "झालं का आता पुरतं?"

आता इथे आमच्याकडची एक खोड सांगायला हवी. आमच्या भागात शहाणा माणूस बिल टेबलावर येऊ देत नाही. तो हात धुवायच्या निमित्तानं उठतो, गल्ल्यावर जाऊन गुपचूप पैसे भरतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बडीशेप चघळत परत येतो. त्यात मोठेपण असतं. माझे धाकटे चुलते या कलेत तरबेज आहेत. ते हात धुवायला उठले तेव्हा मी आइस्क्रीमचं बघत होते.

मी बिल मागितलं तर वेटर हसून म्हणाला, "झालं की, मॅडम. टोपीवाल्या बाबांनी दिलं. रोख."

काका बडीशेप चघळत येऊन बसले होते. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिला न सांगता समजलं.

"भावजी, बिल तुमी दिलं?"

"मग? वैनीनं बिल द्यायचं अन् मी मिशीवर हात फिरवत बसायचं व्हय?" काका खुशीत होते.

आई उठली. कमरेवर हात ठेवून, मणका सांभाळत ती गल्ल्यापर्यंत चालत गेली. मी मागोमाग धावले.

"ह्यांचं पैसं परत द्या," ती मॅनेजरला म्हणाली.

"अहो मावशी, बिल जमा झालंय. कुणी का देईना आता."

"कुनी का देईना न्हाई. मी देनार, अन् हिच्या कार्डानं देनार."

काका मागून आले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "म्हंजी माझं पैसं खोटं हाय का? पाहुन्यांदेखत पैसं परत घिऊ मी?"

सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. देवदर्शनाला आलेली कुटुंबं चमचे हातात धरून थांबली. मला वाटलं, आता आई गप्प बसेल. भावकीसमोर स्वतःसाठी काही मागायची तिला सवयच नाही.

"भावजी, राग मानू नका," ती म्हणाली. "मला आक्काला भेटाय जायचंय. ह्या कार्डावर बिल झालं तर मला इमानाचं तिकीट मिळतंय. तिसगावला माझा भाऊ गेला, मी पोचले तवा समदं आटपलं हुतं. आक्काला मला जित्ती बघायचीय."

एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी हवंय म्हणताना ऐकत होते. मी कार्ड शोधायच्या नावाखाली पर्समध्ये डोकं घातलं.

मॅनेजरनं गल्ला उघडला आणि नोटा काकांपुढे ठेवल्या. काकांनी त्या उचलल्या, टोपी काढून पुन्हा घातली. "मग आदी सांगायचं ना, वैनी," ते म्हणाले. आवाज बसला होता. मग टेबलाकडे वळून मोठ्यानं, "आइस्क्रीम कोन कोन खानार? पैसं माझं, कार्ड पोरीचं." आईनं त्याला हरकत घेतली नाही. आम्ही सगळ्यांनी दोनदोन खाल्ली.

जाताना गाडीत नवरा हळूच मला म्हणाला, "एवढ्या बिलात तिकीट आलं असतं गं." मी डोळे वटारले. पण मागच्या सीटवरून आवाज आला, "मला कळतो हिशेब, जावईबापू. पन ते तिकीट मी काढलं नसतं."

पुढचे काही दिवस मी सारखी मोबाईल उघडून बघत होते. मैल जमा झालेले दिसले तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच जिन्यात बसून मी तिकीट काढलं, नाव तीनतीनदा तपासलं. परतीचं चेन्नईचा मावसभाऊ काढणार होता. त्याला आईची ना नव्हती, बहिणीकडून निघताना पाठवणी तिच्या घरच्यांनीच करायची असते.

विमानतळावर तिला व्हीलचेअर मिळाली. तिच्यावर बसायला ती लाजत होती. मी तिचा फोन विमानाच्या सेटिंगवर टाकून दिला, आणि उतरल्यावर ते सेटिंग काढायचं कसं हे शिकवायचंच विसरले. विमान वेळेवर उतरल्याचं मोबाईलवर दिसलं, पण तिचा फोन लागेना. मावसभाऊही उचलेना. मी घरात येरझाऱ्या घालत होते. मावशीचंच काही बरंवाईट झालं असेल, असं सारखं मनात येत होतं.

दुपारी मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि फोन फिरवला. पलंगावर मावशी झोपली होती, तोंड उघडं टाकून. तिच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला अंग चोरून, आई झोपली होती. प्रवासातली साडीसुद्धा बदलली नव्हती. दोघीही घोरत होत्या.

"आल्यापासून भांडत होत्या," तो कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे. वेळेवर पोचली ती."