शालू डिक्कीत, बॅटरीही डिक्कीत

आमच्या गाडीची बॅटरी डिक्कीत आहे, आणि डिक्की बॅटरीवर उघडते. ही रचना विलायतेतल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी केलेली आहे, तेव्हा तिच्यात काहीतरी शहाणपण असणारच. मला ते अजून सापडलेलं नाही.

गाडी मी अमरावतीतल्याच एका डॉक्टरांकडून घेतली. नऊ वर्षं जुनी, पण विलायती. (मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. विलायत नकाशावर दाखवण्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध नव्हता, तो असा आला.) मुलाच्या, म्हणजे निखिलच्या, लग्नाची बोलणी करायला आम्ही अकोल्याला हिच्यातूनच गेलो होतो. मुलीचे वडील वासुदेवराव बस आगारातून रिटायर झालेले मेकॅनिक. दारात अकरा वर्षांची देशी गाडी, आणि तिचं सगळं ते स्वतःच्या हातानं करतात.

"सर, हिचा मेंटनन्स परवडते का तुमाले?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

मी अर्धा तास बोललो. विलायती गाडी बिघडतच नाही तर मेंटनन्स कसला, देशी गाडी म्हणजे महिन्यातून दोनदा गॅरेजचं तोंड पाहणं, वगैरे वगैरे. वासुदेवराव शांतपणे चहा पीत होते.

"आमची बिघडते ना," ते म्हणाले. "पण कोन्याबी गावात, कोन्याबी झाडाखाली दुरुस्त होते."

माझ्या बायकोनं, कुंदानं, टेबलाखालून माझा पाय दाबला. मी काही थांबलो नाही.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला दुपारी एकचं ठरलं. आम्ही तिघं सकाळी आठला निघालो. डिक्कीत सुनेचा शालू, अंगठी, पेढे आणि निखिलचा सूट. सूट चुरगळू नये म्हणून नवरदेव टी-शर्ट आणि हाफपँटवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे नाश्त्याला थांबलो. कुंदाची पाठ अवघडली होती, म्हणून मी इंजिन बंद करून तिच्या सीटची मालिश चालू केली. (हो, सीट मालिश करते. शेजाऱ्यांना मी ती तीनदा दाखवली आहे.) सोबत गाणीही लावून दिली. आम्ही बापलेक कचोरी खाऊन पाऊण तासानं परतलो तर मालिश बंद, गाणी बंद. बटण दाबलं. गाडी 'टक्' एवढंच म्हणाली.

"डिक्की उघडा आधी," कुंदा म्हणाली. "सामान काढू अन् भाड्याच्या जीपनं जाऊ."

डिक्की उघडेना. मागची सीट ओढून पाहिली, तिच्यामागे पत्रा. अशा वेळेसाठी किल्लीच्या पोटात म्हणे एक छोटी किल्ली असते. ती डॉक्टरांनी दिली नव्हती आणि मी मागितली नव्हती. शालू नाही, अंगठी नाही, आणि नवरदेव हाफपँटवर!

मूर्तिजापूरहून रफिकभाई मेकॅनिक मोटरसायकलवर आले. बॉनेट उघडून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"सर, बॅटरी कुठी हाय?"

"डिक्कीत."

"मंग डिक्की खोला."

"ती बॅटरीवर खुलते."

रफिकभाईंनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली. "पत्रा कापाचा असंन तं कटर आनतो," ते म्हणाले.

मग मी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, आपण सुरक्षित आहात ना?"

"आत्तापर्यंत आहो," मी कुंदाकडे बघत म्हणालो.

नागपूरहून गाडी उचलायला ट्रक निघतोय, तीनपर्यंत पोचेल, असं तिनं सांगितलं. नवी बॅटरी बेचाळीस हजार, आणि बसवल्यावर तिचं कोडिंग वेगळं.

"बॅटरीचं कोडिंग?" रफिकभाई म्हणाले. "आमी तं पानी टाकतो."

शेवटी निखिलनं मला न विचारता सासऱ्यांना फोन केला. अकराला ती देशी गाडी येऊन थांबली. वासुदेवराव उतरले, अंगात नवा पांढरा कुर्ता, हातात पान्यांची पिशवी. आता आपलं भाषण आपल्यालाच ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी सरळ बॉनेटखाली टॉर्च मारून एक लाल झाकण शोधून काढलं.

"हे पाहा सर, इथून करंट देता येते. बनवनाऱ्यानं सोय ठेवेल हाय. मालकाले माईत पायजे फक्त."

त्यांच्या बॅटरीची केबल तिथे लागली आणि डिक्की हळूहळू वर गेली. कुंदानं शालू पोटाशी धरला. निखिल सूट घेऊन बाभळीमागे पळाला.

"माही बॅटरी साडेपाच हजाराची," हात पुसत वासुदेवराव म्हणाले. "जुनी वापस देली का पाचशे कमी." त्यांचं भाषण एवढंच.

गाडी सुरू झाली, पण जागची हलेना. पडद्यावर नुसते लाल-पिवळे दिवे. पुन्हा फोन केला, तर ट्रक निघाला होता आणि ताबा देताना मालकानं कागदपत्रांसह स्वतः हजर राहून सही करणं आवश्यक होतं. मी म्हणालो, रफिकभाई राहतील. "मालकच, सर," ती गोड आवाजात म्हणाली.

"मुहूर्त पुढं ढकलू का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"काही नाही ढकलाचा," कुंदा म्हणाली. "दीडशे लोकं थांबले तिथं. गाडी यायनं घेतली, यायनंच राखावं." आणि ती जाऊन देशी गाडीत बसली.

ते तिघं गेले. खरं सांगतो, मला रडू आलं. एकुलत्या एका मुलाचं साक्षगंध, आणि बाप हायवेवर गाडीचे कागद छातीशी धरून बसलेला.

एक वाजता कुंदाचा व्हिडिओ कॉल आला. मी केस विंचरून ताठ बसलो. निखिलनं अंगठी पुढे केली आणि नेमकं तिथे चित्र अडकलं. अंगठी हवेत, सुनेचं बोट हवेत, आणि मी एकटाच विचारतोय, "घातली का? अरे, घातली का?"

रफिकभाई मला सोबत म्हणून थांबले होते. खिडकीतून डोकावून ते म्हणाले, "घातली असंन सर. आता काय वापस घेते का तो?"

त्या दिवसाचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात मी आहे तो कुंदाच्या मोबाइलवर, व्हिडिओ कॉलमधून. सकाळपासून नातेवाइकांना फोन करकरून त्याचीही बॅटरी संपत आलेली, आणि चार्जरची वायर आखूड. त्यामुळे फोटोत फुलांनी सजवलेलं स्टेज रिकामं दिसतं आणि दोन्ही घरची माणसं कोपऱ्यातल्या स्विचबोर्डाजवळ दाटीवाटीनं उभी आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सून तो फोटो दाखवते आणि त्यातल्या मोबाइलवर बोट ठेवते.

"हे माझे सासरे," ती सांगते. "तेव्हा चार्जिंगवर होते."