सहनशीलला इंग्रजीत काय म्हणायचं

रुग्णालयाच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला सगळे 'डिक्शनरी' म्हणत, आणि त्यालाही ते गोड वाटे. मुलांच्या वॉर्डातल्या आयामावशी कामाचा इंग्रजी दाखला मागायला आल्या तेव्हा त्याने बाह्याच सरसावल्या. मावशींच्या लेकीच्या गावी वृद्धाश्रमात आयाची जागा निघाली होती. एकोणीस वर्षं रडकी पोरं सांभाळलेल्या बाईचं कौतुक कसं झोकात व्हायला हवं!

घोडं अडलं ते 'सहनशील'पाशी. आधी 'पेशंट' हा शब्द सुचला, पण इस्पितळातल्या बाईला पेशंट म्हटलं तर लोक हसतील, म्हणून त्याने तो खोडला. उरले 'टॉलरंट' आणि 'टॉलरेबल'. दोघे सख्खे भाऊच दिसत होते. त्यातला दुसरा त्याला जास्त भारदस्त वाटला. शब्दकोश हाताशी होता, पण आपल्याला कशाला लागतोय तो, म्हणून त्याने उघडला नाही.

पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या.

"साहेब, त्यात काय लिहिलंत हो? तिथल्या बाई वाचता वाचता थबकल्या. म्हणाल्या, तुमच्या साहेबांनी तुम्हाला कसंबसं चालवून घेतलेलं दिसतंय."

"त्यांनाच इंग्रजी येत नसेल," तो बोलून गेला.

"मला वाटलंच!" म्हणत मावशी समाधानाने कामाला गेल्या.

मग त्याने शब्दकोश काढला. टॉलरंट: सहन करणारा. टॉलरेबल: सहन करता येण्याजोगा, जेमतेम बरा. त्याची कानशिलं तापली. शब्द चुकला तो चुकलाच, पण मावशींनी आपली थाप खरी मानली, हे त्याला फार झोंबलं. डबा तसाच राहिला.

त्याने वृद्धाश्रमात फोन लावून चूक कबूल केली. "जागा कालच भरली हो," तिथल्या बाई म्हणाल्या. तरी नवा दाखला टाइप करून तो वॉर्डात गेला. मावशी एका चिमुरडीला औषध पाजत होत्या.

"मावशी, चूक त्यांची नव्हती, माझी होती. वर खोटंही मीच बोललो. आणि ती जागा गेली."

मावशींनी चमचा पुसून ठेवला. "पण तुमच्या मनात माझ्याबद्दल तसं नव्हतं ना?"

"छे हो!"

"मग झालं तर. लेकीला कळवते, इतक्यात काही येत नाही म्हणून."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. मुलांच्या वॉर्डासमोरून जायची त्याची छाती होईना.